जेठा गड्डा

सांगलीच्या मार्केट यार्डामागं आमची अंगणवाडी.
पत्र्याची एक खोली, भिंतीवर मी काढलेला हत्ती,
त्याची सोंड पोरांनी बोट फिरवून फिरवून
पुसत आणलीय.
हळदीच्या हंगामात इथं सगळंच पिवळं.
नखांच्या कडा, खिचडीच्या ताटल्या,
हजेरीवहीचे उजवे कोपरे.
घरी गेले की नवरा विचारतो,
आज कुणाची हळद होती?

मलकारी आला संक्रांतीनंतर.
जतच्याही पलीकडचा. आईबाप पॉलिशच्या ड्रमावर.
दीड महिना चौकट धरून उभा होता.
चिऊकाऊला हसला नाही, खडूला शिवला नाही,
नाव विचारलं तर उंबऱ्याकडं बघायचा.
मोबाइलमध्ये रकाना होता: बोलतो, बोलत नाही.
मी रोज दुसऱ्यावर बोट ठेवायची
आणि मोबाइल म्हणायचा, माहिती जतन झाली.

मॅडमनी तक्ते दिले होते,
फळांचा, वाहनांचा, पोस्टमनचा.
छडी टेकवून मी म्हणायची, हे काय?
पोरं एका सुरात ओरडायची.
तो छडीकडं बघायचा.
पोस्टमनकडं नाही, आंब्याकडं नाही, छडीकडं.
एक दिवस मी ती खिडकीतून फेकून दिली.
खरं सांगू? फेकली नाही.
माठामागं ठेवली.

त्या दुपारी त्यानं खिसा उलटा केला.
ओल्या मातीच्या वासाची सात-आठ हळकुंडं
आणि एक जाडजूड जेठा गड्डा.
गड्डा मधोमध. बाकीची त्याला चिकटून,
अगदी अंगाला अंग लावून, जशी रात्री
गोदामाच्या कडेला निजत असतील.
शेजारी आफरीनची चूल पेटलेली.
बाटलीचं झाकण तवा, कागदाच्या भाकरी.
तिला भाजी हवी होती.
तिनं हात घातला तो नेमका गड्ड्यावर,
आणि वर पट्टी धरली, चिरायला.

अव्वा!

पत्रा वाजला.
वाटाणे सोलणारी मदतनीस थांबली.
आफरीननं गड्डा दोन्ही हातांत घेतला,
न लागलेल्या जखमेवर फुंकर घातली,
परत ठेवला, होता तिथंच,
आणि आपला रुमाल पांघरला वरून.
तिला कुणी शिकवलं होतं हे?
माझ्या तक्त्यात तर नव्हतं.

मग त्यानं माझ्याकडं पाहिलं.
कुंड्रू, म्हणाला.
मला कळेना. कुंड्रू, कुंड्रू,
आणि पदर धरून खाली ओढलं मला.
मी बसले.
अकरा वर्षं या खोलीत वावरतेय,
डाव घेऊन, वही घेऊन, वजनकाटा घेऊन.
बस, असं कुणी म्हटलं नव्हतं.
त्यानं एक मोडका तुकडा शोधला, करंगळीएवढा.
माझ्या छातीकडं बोट केलं. ही तू.
आणि मला गड्ड्याजवळ ठेवलं,
रुमालाच्या आत.

ओंद, एरड, मूर, तो मोजू लागला.
मी मागून म्हणत गेले, चुकत.
बाई, मुर्रा नाही, मूर, आफरीन म्हणाली,
मूर म्हणजे तीन. एवढं येत नाही व्हय?
कधी शिकली ही?
बहुतेक मी रकाने भरत असताना,
इथंच, माझ्या पाठीमागं,
दारातल्या चपलांपाशी.

वैशाखात ड्रम थांबले.
एका सकाळी चौकट रिकामी.
मोबाइलनं विचारलं, मूल कमी होण्याचं कारण?
खाली चार पर्याय होते.
माझा तुकडा खडूच्या डब्यात आहे अजून,
सगळे पांढरे खडू पिवळट झालेत.
राजगिऱ्याच्या वड्या वाटताना आफरीन मोजते,
ओंद, एरड, मूर, नाक, ऐद,
आणि पुढं विसरली की परत ओंदपासून.
कुणाला दोनदा मिळते, कुणाला एकदाही नाही,
मग भांडणं होतात.

परवा मॅडम आल्या तपासणीला.
दारात उभ्याच, गाडी चालू ठेवून,
काय शिकवलं या महिन्यात, विचारत.
मी वही शोधत होते.
आफरीननं त्यांच्या साडीची कड धरली,
खाली ओढली,
म्हणाली, कुंड्रू.