काठ आधी

बाटलीत आधी नुसती पांढरी भुकटी.
मिठाचं पाणी सोडते, वीस सेकंद हलवते
आणि ताकासारखं काही हाताला लागतं:
कोट्यवधी बुडबुडे, तांबड्या पेशीहून लहान,
प्रत्येकाच्या अंगावर एका रेणूच्या जाडीची साय.
साय नसती
तर दंडापासून काळजापर्यंतसुद्धा टिकले नसते.

पारव्वा हुक्केरी, वय बासष्ट, वडगाव.
घरात दोन माग, एक चालू.
यकृतात लिंबाएवढा डाग.
टेबलावर पडल्या पडल्या विचारते,
"आवाजानं बघतात म्हणे, मग ऐकू का येईना?"
चाळीस वर्षं मागाशेजारी बसलेल्या बाईला
मी काय सांगू ऐकण्याचं.

डॉक्टर कन्नडमध्ये म्हणतात, उसिर हिडीरि.
ती मराठीत म्हणते, "धरला की."
आमच्या बेळगावात हे असंच.
बुडबुड्यांचंही.
मंद आवाजात हाक मारली
की मांस, चरबी त्याच सुरात ओ देतात.
बुडबुडा दाबला तर थोडाच दबतो,
सोडला की फुगतो भरमसाट,
सेकंदाला पंधरा लाख वेळा,
आणि त्या लंगड्या धापेतून
दुप्पट वरचा सूर परत धाडतो.
यंत्र तेवढाच सूर उचलतं.
बाकी सगळी बाई अंधारात.

जोर वाढवला तर साय फाटते,
पडदा एकदा लख्ख, मग काळा.
कधी मुद्दाम फोडतो आम्ही,
रिकाम्या जागेत रक्त किती वेळात येतं ते मोजायला.
आज नाही फोडले.

अठरा सेकंद.
डागाच्या कडेला उजेडाचे ठिपके, तुटक.
मिनिटभरात ते आत सरकू लागले.
"काय दिसूलंय गे?"
डॉक्टरांआधी बोलायचं नसतं, नोकरी आहे.
पडदा तेवढा तिच्याकडे वळवला.
बराच वेळ बघून म्हणाली,
"आमच्यात काठ आणि अंग एकदमच होतं.
हे काठ आधी, अंग मागनं भरूलंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"रक्तवाहिन्यांचा गुंता आहे नुसता," म्हणाले, मराठीत,
"सोडवायचा नाही."
"गुंता आणि सोडवायचा नाही?"
तिला ते काही पटलं नाही.

नंतर पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या बाकावर.
साय रक्तात जिरली,
वायू श्वासाबरोबर निघून गेला
नातीला रागावता रागावता.
कोणत्या भाषेत, ते ऐकलं नाही मी;
पुढची बाटली हलवत होते.