बाबा पाणी बघायला गेलेत

आमच्या दारात कुणी आलं
की हेच उत्तर तयार असे.
बोरीहून मला बघायला आलेली माणसं,
विम्याचा एजंट, मतं मागणारे,
सगळ्यांना सोप्यावर बसवून आई म्हणे,
बसा, पाणी बघायला गेलेत.
परकी माणसं समजत, विहीर आटली असणार.

पाणी म्हणजे जुवारी.
तिला खाजनाबाहेर ठेवणारा बांध,
बांधात मानस, मानशीला लाकडी दारं,
आणि दारांना एक माणूस,
सगुण आडपईकर.

काम तसं पाणीच करतं.
भरती दारं मिटते, ओहोटी उघडते.
पण मध्येच एखादा ओंडका अडकतो,
कुर्ल्या बांध पोखरतात,
आणि बोटाएवढ्या भोकातून
रात्रीत खारं होतं
अख्ख्या वाड्याचं कोरगुट.
भरती रोज पाऊण तास उशिरा येते.
म्हणून बाबांचा दिवस
आमच्या दिवसाबरोबर
कधी उगवलाच नाही.

माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना
त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.
अक्षता पडल्या,
आणि सोवळं गुडघ्यावर खोचून
कंदील घेऊन ते निघाले.
सासरी अजून काढतात ती गोष्ट.
मीही पुष्कळ वर्षं
हसण्यावारी नेल्यासारखं दाखवलं.

बोलणं बेताचं.
कुणाला जवळ घेतलंय, आठवत नाही.
फक्त रात्री आगळ घालण्याआधी
बॅटरीच्या उजेडात
उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजत.
अकरा जोड. मग आगळ.
गुरुदास बाहरीनला गेला
तर त्याची तुटक्या अंगठ्याची जुनी चप्पल
नऊ वर्षं तिथेच राहिली.
आईनं एकदा ती उकिरड्यावर टाकली,
त्यांनी परत आणली, धुऊन.
म्हणाले, हिशेब चुकतो.

आणि आई अंथरुणाला खिळली
तेव्हा सुनांना लांब ठेवून
तिची वेणी त्यांनी घातली, सात वर्षं.
चिखलात मुरलेली ती बोटं,
भांग कायम तिरका.
ती आरसा मागायची,
ते म्हणायचे, बरा आहे, बघून काय करतेस.
ती हसायची.
तेवढंच हसू उरलं होतं तिच्याकडे
आणि ते त्यांनी वाया जाऊ दिलं नाही.

वय नक्की किती, देव जाणे.
पोर्तुगीज कारकुनाच्या दाखल्यात एक वर्ष,
रेशनकार्डावर दुसरं.
ब्याण्णव धरा, नाहीतर चौऱ्याण्णव.
ते म्हणत, काहीही लिहा,
भरती काय कागद बघून येते?

लोक म्हणाले, ओहोटीबरोबर गेले असतील.
नाही.
सकाळी साडेदहा वाजता गेले,
आमटीचं वाटण मिक्सरमध्ये फिरत होतं,
म्हणून वहिनीला हाक ऐकू आली नाही.
मारली होती का, तेही माहीत नाही.
नदी तेव्हा अर्ध्यावर होती,
ना भरलेली, ना उतरलेली.

तिसऱ्या रात्री पावणेतीनला मला जाग आली.
स्वयंपाकघरात दिवा.
रत्नाकर, दोन्ही वहिन्या, गुरुदासचा मुलगा
जो बाबांशी मोडक्या कोकणीत बोलायचा,
सगळे जागे.
कुणी कुणाला विचारलं नाही.
वहिनीनं चहा टाकला.
रत्नाकरनं कप अर्ध्यात ठेवला,
बॅटरी घेतली, बांधाच्या वाटेला लागला.
मी आगळ धरून उभी राहिले.
चपला मोजायचं
मात्र धाडस झालं नाही.

बाराव्यानंतर बँकेचा एक तरुण आला,
पेन्शनच्या खात्याची चौकशी करायला.
आडपईकर सगुण घरी आहेत का?
आत भांडी घासत होते.
हात न थांबवता
माझ्या तोंडून गेलं,
बसा,
पाणी बघायला गेलेत.

तो बसला.