अकरा महिन्यांचा करार

घोडबंदर रोडला घोडी ठेवायला जागा नाही.
हे मी जयेंद्र मढवीला सांगितलं
तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला,
"मॅडम, वन बीएचके सांगा, उद्या दाखवतो."

कोलशेतच्या तबेल्यावर नोटीस लागली होती.
दिवाळीपर्यंत खाली करा.
तिथे बावीस मजले येणार, पोडियमवर बाग,
आणि जाहिरातीतल्या बागेत
पोरांना बसायला फायबरचा घोडा.

बिजली तेव्हा एकोणीस वर्षांची.
काठेवाडी. कानांची टोकं आत वळून
एकमेकांना टेकलेली,
स्वतःशीच काही कुजबुजत असल्यासारखी.
चौदा वर्षं तिनं नवरदेव वाहिले,
मग मागचा गुडघा धरला,
आणि मालकानं जी किंमत सांगितली
ती माझ्या स्कूटरहून कमी होती.
घेतली. जागेचा विचार केला नाही.
(लोक मुलंही अशीच आणतात, आई म्हणाली.)

मग सगळे रविवार.
ओवळ्याला गुंठ्याचा भाव ऐकून
मी नुसतंच पाणी प्यायले.
येऊरला वनखातं.
तळोज्याला नाकाला रुमाल, आणि भाव रुमाल काढूनच सांगायचा.
म्हारळच्या पुढे एक छान तुकडा, विहीर, दोन आंबे;
पावसाळ्यात नदी तिथे मुक्कामाला येते
हे कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं,
एजंटनं नाही.

मुरबाडजवळ तर मन बसलंच होतं.
तलाठ्यानं चष्मा कपाळावर चढवला.
"शेतकरी दाखला?"
माझे वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर.
सात पिढ्यांत आमचा सातबारा नाही,
नालाएवढ्या जमिनीचाही.
"मग घेता येणार नाही," तो म्हणाला
आणि दोन चहा मागवले.

रक्तपेढीत माझी पाळी सातला सुरू होते.
रात्री नकाशावर परकार ठेवून
सव्वा तासाचं वर्तुळ काढलं.
आत पगार पुरत नव्हता,
बाहेर मी पुरले नसते.

शेवटी मढवीच, जरा ओशाळून:
"एक आहे. पण दाखवण्यासारखी नाही."

पडघ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत.
वरून विजेच्या जाड तारा,
एकीकडून येऊन दुसरीकडे निघून जाणाऱ्या.
खाली बांधकामाला मनाई.
कोणीतरी कधी प्लॉटिंग करायला गेलं होतं,
त्याचे पांढरे नंबरी दगड तेवढे राहिले,
बाकी सगळं गवत,
कमरेपर्यंत, कोणी न विचारलेलं.

मालकीण द्रौपदा शेलार.
भाडं ऐकून मी गप्प झाले
तेव्हा तिनं माझ्याकडे नाही, घोडीच्या फोटोकडे पाहिलं.
"लीद किती टाकते?"
मी म्हटलं, भरपूर.
"मग निम्मे पैसे दे, निम्मी लीद.
माझ्या भेंडीला लागते."
नाव विचारलं. बिजली, म्हटलं.
म्हातारीनं वर तारांकडे पाहिलं
आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली
की मढवीला खुर्ची आणावी लागली.

टेम्पोतून उतरवली तेव्हा संध्याकाळ होती.
हवा दमट, तारा गुणगुणत होत्या,
एकाच सुरावर अडकलेल्या
दूरच्या बँडसारख्या.
बिजलीचे कान उभे राहिले.
पुढचा उजवा पाय तिनं उचलला,
वरातीत उचलायची तसा,
आणि तसाच धरून थांबली.

ढोल आला नाही.
नवरा आला नाही.
मी लगाम सोडून चार पावलं मागे सरकले.

बऱ्याच वेळानं
तिनं पाय खाली ठेवला,
मान वाकवली,
आणि सदतीस नंबरच्या दगडाजवळचं
गवत खायला लागली.