शंभर नावं

पळशीकर सर म्हणाले, आधी शंभर नावं लिहा.
कुणाला गाळायचं नाही,
मनातल्या मनात निकाल लावायचा नाही.
मी फॉल-पिकोच्या हिशेबाची वही उलटी केली
आणि मागच्या पानापासून सुरुवात केली.

पंचविसापर्यंत नातेवाईक संपले.
चाळिसापर्यंत धनकवडी.
मग बराच वेळ पेन नुसतं हातात,
आणि एकोणसत्तरावर सुचली नसीम मुजावर.
महापालिकेच्या शाळेत ती माझी गणितं सोडवायची,
मी तिच्या वहीत मोर काढून द्यायचे.
तीस वर्षांत तिचं नाव तोंडात आलं नव्हतं.
खोटं कशाला बोलू,
ती यादी लिहिताना मला श्रीमंत वाटलं होतं.

सातारा रोडच्या हॉलमध्ये सर गोल काढायचे.
एकाखाली दोन, दोनांखाली चार,
फळा संपला की हात हवेत.
मागून एक काका म्हणाले,
"सर, एकविसाव्या ओळीत दहा लाखांवर माणसं होतात.
कात्रजच्या बोगद्यापलीकडून आणायची का?"
हॉल हसला. सरही हसले.
काकांना पुढच्या मीटिंगचा फोन गेला नाही.

पण मला माइक मिळाला, हेही ऐका.
"चहा टाकू का"च्या पुढे माझं वाक्य
ज्या घरात कधी सरकलं नव्हतं
तिथून निघून मी दोनशे माणसांपुढे उभी राहिले,
गुडघे लटपटतायत, गळ्यात जांभळी रिबन,
म्हणाले, मी नलिनी कोंढाळकर.
टाळ्या वाजल्या.
पहिला चेक अकराशे चाळीसचा.
बँकेत टाकण्याआधी तीन दिवस तूरडाळीच्या डब्यात ठेवला,
सारखा काढून बघायचे.
तेवढं माझं. ते सरांनाही परत मागता येणार नाही.

मग महिन्याचे पॉइंट भरायला
माझाच माल मीच घ्यायला लागले.
पावडरचे डबे, व्हॅनिला, केशर-पिस्ता.
नवरा म्हणाला, आपण दिवाणावर झोपतो की गोडाऊनवर?
बायका साड्या दारातूनच द्यायला लागल्या.
"बसत नाही गं, दूध उतू जाईल,"
दुपारी तीन वाजता.

आणि चुलतसासऱ्यांच्या दहाव्याला, ओंकारेश्वराच्या घाटावर,
सगळे पिंडाकडे बघत उभे
आणि मी मोजत होते:
हिला शुगर आहे,
हिची सून घरीच असते,
हा नुकताच रिटायर झालाय, फंड मिळाला असेल.
कावळा तासभर शिवला नाही.
मी पदर तोंडाशी धरला.
लोकांना वाटलं, रडतेय.

नसीमचा नंबर मिळाला. कोंढव्यात राहते.
"नलू? अजून गुणाकार चुकतो का तुझा?"
अर्धा तास आम्ही नुसत्या हसलो,
मग मी प्लॅन सांगितला.
पलीकडे जरा शांतता.
"किती भरायचे?"
तिला गणित येत होतं. तिने पैसे मला भरले.
साडेसहा हजार.
माझ्याखाली ती, तिच्याखाली कुणीच नाही.

परवा पैसे घेऊन गेले.
साडीमागे पासष्ट सुटतात, मी म्हणाले.
"म्हणजे शंभर साड्या," तिने न थांबता सांगितलं,
पाकीट घेतलं, नोटा मोजल्या,
दोनदा मोजल्या,
आणि चहाला आत गेली.
ओट्यावर माझे तिन्ही डबे होते.
पावडर टाकून दिली, म्हणाली, पण झाकणं घट्ट आहेत.
एकात रवा, एकात साखर,
एकात काय ते मी विचारलं नाही.

निघताना तिने लेकीचे चार दुपट्टे पुढे केले, पिकोला.
मी म्हणाले, पैसे राहू देत.
"का? आता परत उपकार का?"

वही सुलटी केली आहे.
मुजावर, चार दुपट्टे, मोरपंखी दोरा,
गुरुवारी हवेत.