अर्धा इंच

खडेबाजारच्या बोळात माझं मशीन.
वरची पाटी कन्नडात, खाली खडूनं मराठी,
दोन्हीत माझं आडनाव चुकलेलं.

उग्येननं पिशवी ठेवली. इंजिनिअरिंगचा पोरगा, भूतानचा.
म्हणाला, "आंटी, घो."
मला वाटलं, कुणाला हाक मारतोय.

कापड उलगडलं तसं बोळात मावेना:
वाळल्या मिरचीचा लाल, हळदीचा काठ,
मध्ये निळ्या चौकड्या.
मी आधी उलटी बाजू बघितली, सवयच तशी.
वडगावचा इराप्पा नेकार हातातला चहा ठेवून आला,
काठावरनं बोट फिरवत म्हणाला,
"हातमाग हाय की हे!"
आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

बाह्यांचे पांढरे कफ उंदरानं खाल्लेले.
गावात जत्रा आहे, उग्येन सांगत होता,
हरणाचे मुखवटे घालून माणसं नाचतात,
आणि पहाटे, उजाडायच्या आत,
मठाच्या भिंतीवर चार मजली चित्र सोडतात,
ऊन पडायच्या आधी परत गुंडाळतात.
"रंगवलेलं?"
"नाही आंटी, शिवलेलं. तुकडे जोडून."
माझा पाय पायट्यावरच थांबला.
शिंप्यांनी शिवलेला बुद्ध!
माझ्या पायाशी चिंध्यांचं पोतं होतं.

परीक्षा आहे, त्याला जाता येणार नाही.
आई फोनवर दाखवणार.
"मग घो कशाला?"
"बुद्धासमोर बर्मुड्यात कसं बसू?"

आमच्यात पौर्णिमेला सगळं पांढरं.
आईनं दीक्षा घेतली तेव्हा
हिरवी लुगडी ट्रंकेत गेली, ती गेलीच.
अजून एखादी शेजारीण विचारते,
"कोण गेलं का गं?"
मी म्हणते, "न्हाई. सण हाय आमचा."

पौर्णिमेच्या साडीच्या पोलक्यातलं
वीतभर पॉपलिन उरलं होतं.
त्याचेच कफ केले.
पैसे द्यायला लागला तर म्हटलं, "ऱ्हाऊ दे की."
घालून बघितला त्यानं, कमरेला पट्टा आवळला,
पोटाशी एवढी मोठी पिशवी झाली.
म्हणाला, "आजोबा यात चीज ठेवायचे."
इराप्पा पहिल्यांदा हसला.

गेल्यावर लक्षात आलं,
डावा कफ अर्धा इंच मोठा झालाय.
हाक मारली नाही.