पहिलं पान

डार्लीनला ते पान नको होतं.
"हा सांधा तर वाकवताच तुटला, सर.
असलं कुणी दाखवतं का?"
टोलेडोच्या कॉलेजात, वेल्डिंगच्या शेडमागे
आम्ही फाइल लावत बसलेलो;
बाहेर मीठ टाकलेला बर्फ, काळा.

सर्टिफिकेटं तिनं इस्त्री केल्यासारखी वर ठेवलेली.
मी तुटक्या सांध्याचा फोटो काढला.
मागे तारीख, आणि तिचंच अक्षर:
घाई केली. पोरीचा फोन आला होता.
म्हटलं, हे सगळ्यात आधी.

मग मी झालो बॉयलर कंपनीचा मालक,
भुवया चढवून विचारलं,
"स्वतःबद्दल सांगा."
अठरा वर्षं काचेच्या कारखान्यात खोकी भरलेली बाई
गप्प. नखं बघत.
मग बोट फोटोवर टेकलं
आणि बोटामागून शब्द:
इथे हवा अडकली, इथे हात घाबरला,
आणि हा बघा, मार्चमधला,
नाण्यांची चळत कलंडावी तसा, एकसारखा...
घंटा झाली तरी ती सांगतच होती.

गुरुवारी फाइल परत आली.
नोकरीचं अजून काही कळलेलं नाही.
पहिल्या पानावर मात्र
कुणाच्या तरी अंगठ्याचा
ग्रीसचा ठसा.