पाच गुणांचा नकाशा

ड्रम बंद झाला तरी कानात फिरत राहतो.
साडेसहाला गिरणीच्या नळावर हात धुते,
म्हणजे धुतल्यासारखं करते.
बारा वर्षांत पिवळं गेलेलं नाही.
दस्तगीर म्हणतो, शालनताई, तुमचं एक बोट उकळलं
तर हमालांच्या साऱ्या चाळीची आमटी हुईल.

हरिपूरच्या वाटेवर चिंचांखाली अंधार,
आणि घरात प्रणोती देश पसरून बसलेली.
प्रश्न तिसरा. प्रमुख कृषी उद्योग दाखवा,
सूची द्या. गुण पाच.
सूची म्हणजे काय गं?
कुठल्या रंगाचा काय अर्थ, ते.
हिरवा साखर, तपकिरी ताग, निळा चहा, लाल कापूस.
आसाम निळा करून झालाय,
विदर्भ लाल, रेषेच्या जरा बाहेर गेलेला.
आणि आपण?
आपण साखरेत, आई.

खोटं नाही. दिवाळी सरली की
एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या,
मळीचा वास अंथरुणापर्यंत येतो.
पण हळद?
पुस्तकात नाही.
बेदाणा?
तोही नाही.
माझी बहीण तासगावात बेदाण्याच्या काड्या खुडते,
तिचं नख वाढत नाही.
म्हणजे तीही नाही.

मग मी सांगत सुटले.
पहाटे निजामाबादची गाडी येते, वसमतची येते,
ड्रायव्हर टायरला पाठ लावून झोपतो.
भूपाल मगदूम हळकुंड मोडतात,
आधी आवाज ऐकतात, मग रंग बघतात.
पूर्वी म्हणे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा,
दोघं वर पत्र्याकडं बघत उभे,
आणि खाली हात भांडत असायचे.
आणि आपल्या गावात पेवं होती,
जमिनीच्या पोटात, रांजणासारखी.
उतरायच्या आधी कंदील सोडायचा,
तो विझला की माणसानं वरच थांबायचं.
पुरात बसली बरीच.
आपल्या शेवग्याखालचा खळगा, तो काय उगीच आहे?

हे सगळं कुठं लिहू, ती म्हणाली,
इथं माझ्या पेन्सिलीच्या टोकाखाली
सांगली अख्खी झाकते.

पिवळी पेन्सिल संपली होती.
तिनं माझं बोट धरलं, जिभेनं ओलं केलं,
कृष्णेच्या वळणाजवळ घासलं.
सूचीत खाली एक ओळ वाढवली:
पिवळा, हळद.
मी भांड्यांकडं गेले.
कागद उडतोय, धर गं, म्हणून तिनं हाक मारली,
आणि मी धरला,
साबणाच्या हातानं, नेमका तिथंच.

हळदीला साबण लागला की काय होतं
हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.
बल्बच्या उजेडात मात्र
दोघींपैकी कुणालाच दिसलं नाही.

चार गुण.
डागाभोवती गोल, शेजारी बाईंचं अक्षर:
लाल म्हणजे कापूस. सांगलीत?

प्रणोती उठून टेबलापाशी गेली म्हणे.
कापूस नाही बाई, हळदच आहे, आईच्या हाताची.
वर्ग हसला.
बाईंनी कागद नाकाजवळ नेला, बराच वेळ ठेवला.
गुण वाढवला नाही.
वही परत देताना हळूच विचारलं,
राजापुरी की सेलम?

तेवढंच विचारायला ती धावत घरी आली,
दप्तर अजून पाठीवर.
मी बोट हुंगलं.
दुसरं हुंगलं.
सांगता येईना.